निरोपदरवाजाचा चोपदार बदलिला, त्याची बखर

श्री

वरच्या तळीस नमन, खालच्या तळीस नमन, दोहींमध्ये दाणा भरडतो त्या अंधारास नमन, आणि खुंटा धरोन जाते फिरविणाऱ्या हातास सर्वांआधी नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, त्या मासी या राज्याचे निरोपदरवाजावरील जुना चोपदार दूर करोन नवा नेमिला, त्यापायी राज्य जाता जाता राहिले, ते वर्तमान येथे लिहिले असे. बखरी लिहिणारे आरंभी म्हणतात की अमक्या साहेबांची आज्ञा जाहली म्हणोन लिहितो. आम्हांस आज्ञा करील असे या राज्यात कोणी उरले नाही, तस्मात् आपखुशीने लिहितो. आमचे नाव लिहीत नाही, ज्यास ठाऊक असावे त्यास ठाऊक आहे. शाळा चवथीत सुटली आणि अक्षर वाकडे आहे, तरी वाचणाऱ्याने अक्षर पाहू नये, मजकूर पाहावा.

तर राज्य दगडाचे. पाटे, वरवंटे, जाती, खलबत्ते घडवावे आणि झिजून गुळगुळीत जाहलेल्या पाट्यास पुन्हा टाकी लावून खरबरीत करोन द्यावे, हा चार पिढ्यांचा कारभार. थोरले धनी कैलासवासी जाहल्यावर राज्य आमचे हाती आले. दोघे चिरंजीव. थोरले निवृत्तीराव, हे बाहेरचा व्यवहार पाहतात आणि सर्व गोष्टींत उसासा टाकतात. धाकटे उत्तमराव, हे शेडमध्ये दगड घडवितात आणि दिवसाकाठी चार शब्द बोलतात. या उत्तमरावांचे कुटुंब हर्षदाबाई. ही बाई घरात आली तेव्हा तीस पाट्यावर ओले खोबरे वाटता येत नव्हते, हे खरे आहे आणि खरे तेच लिहावे. परंतु राज्याची जुनी वेबसाइट तिचेकडे दिली, आणि मग तिचा पराक्रम जो जाहला तो असा.

वेबसाइटीस एक दरवाजा असतो, त्यास लोक फॉर्म म्हणतात. रयत मुलुखोमुलुखीची तेथे येऊन नाव, गाव, फोन आणि काय पाहिजे ते लिहिते, आणि तो निरोप ईमेल होऊन हुजूर येतो. परंतु फॉर्म आपला आपण काही करीत नाही. त्यामागे प्लगिन म्हणोन एक तयार माणूस बसवावा लागतो. माणूस नव्हे, पण माणसाचे काम करितो. तो निरोप घेतो, तोच पुढे पोचवितो. आम्ही त्यास चोपदार म्हणतो आणि घरात आता सगळेच म्हणतात. आमचे दरवाजे तीन: एक नवे घडवून मागण्याचा, एक जुन्यास टाकी लावून घेण्याचा, आणि एक नुसत्या चौकशीचा. तिन्ही दरवाजांवर आमचे आज्ञेवरून एक प्रश्न लिहिलेला, तो दुसऱ्या कोठल्याही राज्यात विचारीत नाहीत. तो हा की, वाटणारीच्या हाताची वीत किती बोटे? कारण वरवंटा हाताबाहेर मोठा असला तर अंगठा जन्माचा दुखतो, लहान असला तर बोटे चेचतात, आणि जात्याचा खुंटाही मुठीप्रमाणे लागतो. म्हणोन वीत पसरून शेजारणीकडून तिच्या बोटांनी मोजून घ्यावी आणि लिहावी. हर्षदाबाई एकदा म्हणाल्या, "आई, नुसती चौकशी करणाऱ्याला कशाला वीत विचारायची?" आम्ही बोललो, "चौकशी करणाऱ्याला हात नसतो का?" मग तो प्रश्न तिसऱ्या दरवाजावरही गेला. आणि रोज सकाळी चहा जाहला की निरोप मोठ्याने वाचावे आणि प्रत्येकास आम्ही स्वतः फोन करावा, ऐसा रिवाज. दारी आलेला निरोप उत्तरावाचून परत गेला नाही, हा थोरल्या धन्यांचा शब्द आम्ही पाळीत आलो.

ऐसे असता तुळशीचे लग्न जाहले, लग्नसराई सुरू जाहली, घरोघर हळद दळायला जाते पाहिजे असा मोसम, आणि निरोप एकाएकी आटले. पहिल्या दिवशी एकही नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला, दुसरा गेला. चहा होई, हर्षदाबाई फोन उघडीत, पाहत, मिटवीत. आम्ही विचारीत असू, "काय गं?" आणि ती म्हणे, "काही नाही, आई." मग मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस निवृत्तीराव समोर येऊन बसले आणि नेहमीचा उसासा टाकून बोलते जाहले की, "आई, लोक मिक्सरला चटणी करतात. पाटा मांडतं कोण आता? हळदीला जातं लागतं तर ते भाड्यानं आणतात. मी टाइल्सवाल्याशी बोललोय. शेड मागतोय तो. पौष लागला की तो काही नवं सुरू करायचा नाही, म्हणून वद्य द्वादशीला नारळ घेऊन येणार. उत्तमला तिथंच कामाला ठेवील." आम्ही उत्तमरावांकडे पाहिले. ते हातावरील दगडाची पूड झाडीत उभे होते. त्या दिवशी दिवसाचे चार शब्दही झाले नाहीत. आमचे मनी आले की राज्य सरले. कोणी लढून घेतले असते तर निदान भांडता तरी आले असते. नुसते कोणी विचारीनासे जाहले, त्यास काय करावे?

दुसरे दिवशी षष्ठीस दारात एक बाई येऊन उभी राहिली. बार्शीकडील, नाव सोजरबाई, एसटीने एकटी आलेली, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पाणी घ्या म्हटले तर तेही घेईना. म्हणाली, "पाणी मागनं. आधी सांगा, तुमी मानसं हायसा का दगूड? तीनदा लिवलं मी. जातं पायजे, पोरीची हळद आली. तीनदा!" आम्ही म्हटले, "बाई, आम्हांस एकही निरोप आला नाही." त्यावर तिने पिशवी सोडून फोन आमचे नाकासमोर धरिला. "मग ह्ये काय? हिरवं आलं बगा. 'आपला निरोप पोहोचला, धन्यवाद.' कुनाला पोचला? कुनी केलं धन्यवाद?" आमचे राज्यात आम्हांस असे कोणी बोलले नव्हते. बोलणारी खरे बोलत होती, म्हणोन ऐकून घेतले. उत्तमरावांनी तयार असलेले जाते तिचे हाताशी जुळवून नवा खुंटा घालून दिला, टेम्पोत चढवून दिले, आणि मग सोजरबाईंनी पाणी घेतले, चहा घेतला, दुसराही घेतला, आणि जाताना म्हणाल्या, "मी आले म्हनून. माज्यासारक्या किती जनी घरात बसून वाट बगत आसतील, त्यांचं काय?"

हर्षदाबाई तेथेच उभ्या होत्या. त्यांचे तोंड पाहिले तो लाल. त्या बोलिल्या, "आई, लोक थांबले नाहीत. चोपदार निरोप गिळतोय." आणि लागलीच आत जाऊन जुन्या चोपदाराची चौकशी मांडिली. त्यात जे बाहेर आले ते असे. तुळशीच्या लग्नाचे सुमारास वेबसाइटीचे बिऱ्हाड एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलविले होते, तेव्हापासून आमची ईमेल रस्त्यातच परकी ठरून मागे फिरत होती. चोपदार निरोप घेई, वाटेस लावी, पोचला की नाही ते वळून न पाही, आणि दारातल्या माणसास हिरवी पट्टी दाखवी. आम्ही म्हटले, "त्याचेकडे नक्कल असेल ना? काढ." हर्षदाबाई म्हणाल्या, "हा नक्कल ठेवतच नाही, आई. आला निरोप, दिला ढकलून. मागे काही शिल्लक नाही." म्हणजे तुळशीच्या लग्नापासून जितक्या बायांनी लिहिले तितके सर्व गेले. निवृत्तीराव म्हणाले, "मग तो रस्ता तेवढा दुरुस्त कर आणि बघ. चोपदार कशाला बदलायचा? आहे तेही मोडून ठेवशील." यावर त्या सुनेने जे उत्तर दिले ते या बखरीत लिहून ठेवण्याजोगे आहे. म्हणाली, "भावजी, रस्ता मी दुरुस्त करतेच. पण उद्या दुसरीकडं बुजला तर हा पुन्हा हिरवंच दाखवणार. चुकतो त्याला मी ठेवीन. पण चुकून वर धन्यवाद म्हणतो, त्याला नाही ठेवायची." वाहवा. आम्ही तोंडाने म्हटले नाही, परंतु येथे लिहितो. मग निवृत्तीराव बोलले की, "ठीक. द्वादशीला टाइल्सवाला येईल. तोवर पंधरा निरोप आले तर मी त्याला परत लावीन. नाही आले तर शेड द्यायची आणि मग कुणी रडायचं नाही." आम्ही त्या कराराखाली होय म्हटले. हर्षदाबाईंनी पदर खोचला. पदर नव्हता, ओढणी होती, तरी खोचलीच.

मग मोहीम. आधी त्या बाईने समग्र वेबसाइटीची नक्कल काढून जपून ठेविली, की काही मोडले तर होते तैसे उभे करता यावे. आणि मग तिचीच दुसरी प्रत आडबाजूस मांडिली, जेथे रयतेचे जाणे-येणे नाही, आणि तेथे नवे चोपदार एकेक बोलावून पारखिले. एक आला तो दिसण्यात फार सुरेख, परंतु आमचे दरवाजाखाली आपलेच नावाची पाटी लावी. त्यास आम्हीच म्हटले, घाल बाहेर. दुसरा आला तो मोबाइलवर उघडे ना, आणि आमची रयत सर्व मोबाइलवर. तिसरा आला, दिसायला साधा, परंतु निरोप आला की आधी आपले दप्तरी नक्कल लिही, तीस क्रमांक देई, आणि मग ईमेल लावी, आणि ईमेल परत आली तर तसे सांगे. हर्षदाबाई म्हणाल्या, "हा." मग तिन्ही दरवाजे नव्याने बांधिले, प्रत्येक प्रश्न जुन्यावरून उतरविला, आणि आम्ही बजाविले की, "वितीचा प्रश्न सक्तीचा कर. उत्तर दिल्यावाचून कोणास आत घेऊ नको." तिने तसे केले. मग ईमेलीचा रस्ता दुरुस्त केला, स्वतः निरोप भरून पाहिला, उत्तमरावांकडून भरविला, दोन्ही पोचले. मग वेबसाइटीच्या पानोपानी जेथे जेथे जुना चोपदार उभा होता तेथे तेथे नवा उभा केला, सर्व पाने पुन्हा फिरून पाहिली, आणि मगच जुन्यास निरोप दिला. तेही रागे भरून नव्हे. म्हणाली, "नऊ वर्षं केलं त्यानं." आम्ही असतो तर दोन शब्द ऐकविले असते.

पौर्णिमेस नवा चोपदार दरवाजावर बसला. घरात शिरा केला. आणि दुसरे दिवशी चहा जाहला, फोन उघडिला, दप्तरात पाहिले, तो एकही निरोप नाही. म्हटले होईल. तिसरे दिवशी नाही. चवथे दिवशी नाही. निवृत्तीरावांनी नुसता उसासा टाकिला, तो सगळ्या घरास ऐकू गेला. पाचवे दिवशी हर्षदाबाईंनी ताट तसेच ठेविले आणि म्हणाल्या, "आई, भावजींचंच खरं असेल. माणसंच येत नसतील. मी उगीच चोपदाराला बोल लावला." आम्ही म्हटले, "जेव आधी." ती जेवली नाही. त्या मुलीस आम्ही चार वर्षांत रागावलो पुष्कळ, परंतु तीस हरलेली कधी पाहिली नव्हती, आणि ते आम्हांस सोसले नाही, हे येथे कबूल करितो.

मग दुपारी ती कपडे वाळत घालावयास गेली असता आम्ही आमचा फोन घेतला, चष्मा चढविला, आणि म्हटले की ज्या दरवाजासाठी एवढे चालले आहे तो आपण स्वतः कधी ओलांडिला नाही, पाहू तरी. गेलो. नाव लिहिले. गाव लिहिले. काय पाहिजे, तेथे काय लिहावे ते सुचेना, तर लिहिले, वरवंटा एक. मग वीत. आता आमचे आज्ञेने आजवर हजारो बायांनी वीत मोजली, आणि आमची स्वतःची किती ते आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही सून होऊन आलो तेव्हा सासूबाईंचा वरवंटा हाती मिळाला, तोच आजवर फिरविला. मग उजवा पंजा पाट्यावर पसरला आणि डाव्या हाताची बोटे त्यावर मोजीत गेलो. अंगठा पुरता उघडेना. लिहिले, दहा बोटे, अंगठा आखडला. आणि निरोप धाड म्हणोन बटण दाबिले. काही होईना. पुन्हा दाबिले. पुन्हा नाही. पडदा वर सरकविला तो वितीच्या रकान्याखाली तांबड्या बारीक अक्षरात इंग्रजी काहीतरी लिहिलेले. आम्ही मोठ्याने हाक मारिली, "हर्षदे! इकडे ये! तुझ्या चोपदारानं मला दारातून हाकललं!"

ती ओल्या हातांनी धावत आली. फोन पाहिला. आणि तेथेच खाली बसली. म्हणाली, "अगं बाई. मी तिथं आकडा लावला." आम्ही म्हटले, "म्हणजे?" म्हणाली, "किती बोटे असा प्रश्न, म्हणून मला वाटलं आकडाच येणार. रकाना नुसत्या आकड्याचा केला. मी बारा टाकून बघितलं, ह्यांनी अकरा, दोघांनी लॅपटॉपवर इंग्रजी आकडे दाबले, म्हणून गेलं. पण बाया असं लिहितच नाहीत. अकरा बोटे लिहितात. साडेदहा, हात सुजला, असं लिहितात. मराठी अकराचा आकडासुद्धा घेत नाही हा. आणि तुम्ही सक्तीचं करायला सांगितलं होतं, म्हणजे…" आम्ही म्हटले, "बोल पुढं. म्हणजे मी कुलूप घातलं आणि तू किल्ली फेकलीस." ती रडता रडता हसली. आम्ही तिचे ओले हात आमचे पदरास पुसले आणि बोललो, "आता बसू नको. काढ तो आकडा. बाईच्या हाताला जे म्हणायचंय ते म्हणू दे." अर्ध्या घटकेत तिन्ही दरवाजांवर तो रकाना मोकळा केला, खालची तांबडी अक्षरे मराठी केली, आणि म्हणाली, "आता पुन्हा दाबा, आई." आम्ही दाबिले. तिचे फोनात घंटी वाजली आणि नव्या चोपदाराचे दप्तरी रयतेचा पहिला निरोप चढला, क्रमांक एक, वरवंटा एक, दहा बोटे, अंगठा आखडला.

त्याउपरी तिने आणखी एक गोष्ट मनी घेतली, त्यावर आमचा तंटा जाहला. म्हणाली, "वेबसाइटवर वरतीच लिहायचं, की तुळशीच्या लग्नापासून तुमचे निरोप आमच्या चुकीनं हरवले, पुन्हा लिहा, माफ करा." आम्ही म्हटले, "या राज्यानं माफी कधी लिहिली नाही." ती बोलिली, "सोजरमावशी एसटीनं आल्या म्हणून त्यांचं झालं. बाकीच्यांना कुणी सांगायचं?" मग माफी लिहिली. आम्हीच सांगितली, तिने लिहून घेतली, आणि त्यात चुकीस चूकच म्हटले, आडवळण घेतले नाही.

आणि मग निरोप आले. संध्याकाळपावेतो चार आले. दुसरे दिवशी सकाळी चहा गार जाहला इतके वाचायचे होते. कोणी लिहिले की, नऊ बोटे, हात लहान आहे पण जोर आहे. कोणी लिहिले की, सासूची बारा, माझी दहा, दोघींना चालेल असे द्या, नाहीतर दोन द्या. एका पुरुषाने लिहिले की, घरात मीच वाटतो, वीत चौदा बोटे, लाजत नाही. एकीने लिहिले की, चारदा लिहून रागावून सोडले होते, माफी वाचली म्हणोन पाचव्यांदा लिहिते. आम्ही एकेकास फोन करीत गेलो आणि घसा बसला, तरी फोन दुसऱ्या कोणास दिला नाही. वद्य द्वादशीस टाइल्सवाला गाडी घेऊन, नारळ घेऊन आला. निवृत्तीराव दारात गेले. आम्ही आतून ऐकत होतो. ते म्हणाले, "शेठ, बसा, पण जरा थांबावं लागेल, मी वाचतोय." आणि तेथेच उभ्याने क्रमांक सव्वीस मोठ्याने वाचून दाखविला, जणू आपणच लिहविला होता. मग शेड देता येणार नाही म्हणोन सांगितले, उसासा न टाकता. शेठ भले गृहस्थ. नारळ परत नेणे बरे दिसत नाही म्हणोन तो आमचे येथेच ठेविला, आणि जाताना दारातल्या पाट्यावर हात फिरवून म्हणाले, "आमच्या आईचा असाच होता." उत्तमराव त्या दिवशी निदान चाळीस शब्द बोलले असतील.

त्याच नारळाचे खोबरे दुसरे दिवशी वाटावयाचे म्हणोन आम्ही पाट्याशी बसलो आणि हात वरवंट्याकडे नेला, तो सासूबाईंचा वरवंटा जागेवर नाही. आम्ही तोंड उघडणार तोच हर्षदाबाईंनी समोर एक नवा ठेविला. काळा, ताजी टाकी लावलेला, धुऊन पुसलेला. आम्ही म्हटले, "हा कुणाचा?" ती म्हणाली, "क्रमांक एकचा. पहिला निरोप आधी भागवायचा असतो ना, आई. ह्यांनी काल घडवला. दहा बोटे, अंगठ्याकडून थोडा उतरता." आम्ही म्हटले, "मी काय मागायला लिहिलं होतं का? मी दार तपासत होते." ती म्हणाली, "लिहिलंत ना? मग दारी आलेला निरोप…" आणि तो आमचेकडे सरकविला. आम्ही वरवंटा उचलिला. सेहेचाळीस वर्षे दुसरीच्या हाताचा दगड फिरविला, त्यानेच तो अंगठा आखडला, हे तेव्हा कळले. नवा मुठीत असा बसला की जणू आम्हांस आधीपासून ओळखतो. आम्ही म्हटले, "टाकी जरा खरबरीत लागलीय." उत्तमराव शेडमधून म्हणाले, "वाटून वाटून बसेल." मग खोबरे वाटले. हर्षदाबाईंस शेजारी बसवून अर्धे तिचेकडून वाटून घेतले. आता तीस बरे येते.

सारांश हा की, जुना चोपदार गोड बोलून निरोप बुडवीत होता तो गेला, नवा आला तो कमी बोलतो आणि जपून ठेवितो. त्यास बसविणारी सून एकदा चुकली, चूक समोर येताच तीस चूक म्हणाली, आणि राज्य राखिले. आमची चूक एक, ती वर लिहिली आहे, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. दप्तरी आजपावेतो दोनशे अकरा निरोप, एकही उत्तरावाचून नाही. लिहिता लिहिता हात दुखला, परंतु अंगठा नाही.